पाठीवर चार थापा

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते. म्हणजे एवढी तोंडाळ बाई तीन दिवस तोंडाला कुलूप लावून कशी बसली, हे तुम्ही विचाराल तेव्हा मला आणखी लाज वाटेल. वाटायलाच हवी.

आमचा नीरज अकरा महिन्यांचा. मी भाईंदर पूर्वेला एका शाळेच्या ऑफिसात काम करते आणि माझा नवरा अमोल काशीमीऱ्याच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. माझी बाळंतपणाची रजा संपली तेव्हा नीरजला बघायला सासूबाई आल्या, रत्नागिरीजवळच्या गावाहून. नाव सुगंधा, आवाज खणखणीत, आणि कोणाचं ऐकून घेण्याची सवय नाही. मलाही नाही. तेव्हा घरात दिवसातून दोनदा तरी भांड्याला भांडं लागायचं.

एप्रिलमध्ये नीरजच्या केबिन रोडवरच्या डॉक्टर, सुचेता मॅडम, यांनी दवाखान्यात शनिवारी दुपारी आईबापांसाठी वर्ग घेतले. मूल भाजलं तर काय करायचं, काही गिळलं तर काय, घशात अडकलं तर काय. मी दोन्ही शनिवार गेले आणि परत आले ती घरची डॉक्टर होऊनच. फिनेलची बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. रिमोटच्या सेलला चिकटपट्टी लागली. बाल्कनीतली खुर्ची आत आली. समोरच्या हंसाबेनना मी जिन्यात गाठून सांगितलं, की भाजल्यावर टूथपेस्ट लावायची नाही, वीस मिनिटं नळाखाली धरायचं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तशी माझी गत.

सगळ्यात जास्त वाद झाला तो ठसक्यावरून. आपल्याकडे पोराला ठसका लागला की काय करतात? दोन्ही हात वर धरायचे, टाळूवर फुंकर घालायची आणि म्हणायचं, "वर बघ, वर बघ, चिमणी बघ." वर कोणी आठवण काढली त्याची चर्चा.

"आई, हे करायचं नाही," मी सासूबाईंना सांगितलं. "मूल खोकत असेल तर खोकू द्यायचं, कारण खोकतंय म्हणजे श्वास चालू आहे. आणि आवाजच बंद झाला तर मान वर करून अडकलेलं आणखी आत जाऊ द्यायचं नाही. वर्षाच्या आतलं बाळ असलं तर हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, आणि तळहाताच्या टाचेने, म्हणजे मनगटाजवळच्या भागाने, पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून दोन बोटांनी छातीच्या मधोमध पाचदा दाब. पुन्हा थापा. दिसत नसेल तर तोंडात बोट घालायचं नाही."

"मी पाच पोरं वाढवली," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याकडे डॉक्टरीण नव्हती."

मी रोज संध्याकाळी जुना टॉवेल गुंडाळून त्याचं बाळ करायची आणि मोठ्याने मोजत सराव करायची. सासूबाई लसूण सोलत बसलेल्या असायच्या. "अगो, त्या टॉवेलाचा जीव घेशील," एवढंच म्हणायच्या.

मे महिन्यात गावाहून माझ्या दिरांनी, लवूभावजींनी, बसमध्ये फणस टाकून दिला. बरका फणस, म्हणजे मऊ, रसाळ गऱ्यांचा. अमोलने तो काशीमीऱ्याच्या नाक्यावर उतरवून घेतला. रविवारी सकाळी अमोलची ड्युटी होती. सासूबाईंनी हाताला खोबरेल तेल लावलं, जमिनीवर पेपर पसरला आणि फणस फोडला. सगळ्या घरात वास भरला. मी नीरजला मांडीवर घेऊन बाजूला बसले होते.

"त्याला देऊ नको हां," सासूबाई म्हणाल्या. "बरका घशात सरकन जातो. दात येऊ देत."

हो, त्या म्हणाल्या. त्यांनी सांगितलं होतं. पण नीरज हात पुढे करून इतका गोड हसत होता, आणि दोन शनिवारचा वर्ग करून आलेली बाई मी, मला काय कोणी शिकवायचं? मी गऱ्याचा एक तुकडा तोडला आणि त्याच्या तोंडात दिला.

तो खोकला नाही. वर्गात सांगितलं होतं तसंच झालं, अगदी तसंच. तोंड उघडं, डोळे मोठे, आवाज नाही. हातपाय मारत होता आणि आवाज नव्हता.

आणि मी काय केलं? मी त्याचे दोन्ही हात वर धरले. "वर बघ सोन्या, वर बघ, चिमणी बघ," मी म्हणत होते. मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि तो थांबत नव्हता. माझ्या आईने मला तेच म्हटलं असेल, आजीने आईला. शिकलेलं सगळं कुठे गेलं देव जाणे. त्याचे ओठ निळसर व्हायला लागले होते, आणि मी "वर बघ" म्हणत होते.

सासूबाईंनी नीरजला माझ्या मांडीवरून ओढलं. त्या जमिनीवर बसल्या होत्या तशाच होत्या, उठल्यासुद्धा नाहीत. डाव्या हातावर पालथा घेतला, हनुवटी बोटांत धरली, डोकं खाली केलं, आणि तेलकट हाताने पाठीवर थाप मारली. एक. दोन. मला वाटलं पोराची पाठ मोडेल. तीन. चौथ्या थापेला तो पिवळा तुकडा पेपरवर पडला, आणि नीरजने असा टाहो फोडला की समोरच्या हंसाबेन चपला न घालता धावत आल्या.

त्या आल्या तेव्हा दृश्य असं होतं: सासूबाई फणसाच्या पसाऱ्यात बसलेल्या, हात तेलाने आणि चिकाने भरलेले. पोर माझ्या छातीशी, कारण सासूबाईंनी ते लगेच माझ्याकडे दिलं होतं. हंसाबेननी एकदा फणसाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"अरे बाप रे! बा ने फणस खिला दिया क्या? मिनल, तूने बचा लिया! तूने बोला था ना, पीठ पे मारने का!"

मी तोंड उघडलं. मग मी रडायला लागले. आणि त्या रडण्याचा अर्थ हंसाबेननी त्यांना हवा तसा लावला.

आम्ही रिक्षाने सुचेता मॅडमकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, घसा पाहिला, दिवसभर लक्ष ठेवा म्हणाल्या. "वेळेवर केलंत," म्हणाल्या, माझ्याकडेच बघून. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी तेव्हाही काही बोलले नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी लिफ्टच्या आधी वर पोचते. अमोल घरी येईपर्यंत त्याला खाली गेटवरच सगळं कळलं होतं. त्याने नीरजला घेतलं, त्याचे पापे घेतले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आई, अगं, अक्कल आहे की नाही? एवढ्याशा पोराला फणस देतात? मिनल नसती तर काय झालं असतं माहितीये?"

सासूबाई कोयत्याचा चीक तेलाने पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी बाहेरच्या खोलीत उभी होते. चार पावलांवर. "मी दिला" एवढे दोनच शब्द होते. ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

त्या संध्याकाळी नीरजचं झबलं धुवायला घेतलं तेव्हा पाठीवर तेलाचा पंजा उमटलेला दिसला, पाची बोटं वेगळी. मी साबण लावून ते घासलं. कशासाठी एवढं घासतेय हे मला चांगलं माहीत होतं.

सोमवारी अमोलने ठरवलं. एक तारखेपासून नीरज पाळणाघरात, आणि आई गुरुवारच्या बसने गावी. "तुझ्याकडून आता होत नाही, आई. रागाने नाही सांगत," तो म्हणाला, आणि खरंच रागाने सांगत नव्हता, म्हणून जास्त लागलं. सासूबाई "बरं" म्हणाल्या. पाच पोरं वाढवणारी बाई, भाजीवाल्याला दोन मिरच्यांवरून सोडत नाही, ती "बरं" म्हणाली.

मंगळवारी मी शाळेतून दुपारीच आले. सासूबाई पिशवी भरत होत्या. नीरज पिशवीतून एकेक लुगडं बाहेर काढत होता आणि त्या परत घडी घालत होत्या.

"आई, तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं. विचारताना रागच आला, स्वतःचा त्यांच्यावर काढला. "तुम्ही बोलायचं होतं ना! मी नाही बोलले, तुम्ही तरी!"

"हळू बोल, पोरगं घाबरेल," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी काय गो, सासू. सासूच्या नावाने चार लोक बोलले तर त्यात नवीन काय? पण पोराच्या आईनेच गरा दिला आणि हातपाय गाळून बसली, असं एकदा लोकांच्या तोंडी गेलं, की ते तुझ्या मागे जन्मभर लागेल. उद्या त्याला साधा ताप आला तरी तेच काढतील. नवरासुद्धा काढेल. माझा लेक आहे, मला माहिती आहे."

"पण तुम्हाला कसं आलं ते? तुम्ही तर हसायचात."

"रोज कानाशी एक-दोन-तीन चालायचं तुझं. लसूण हाताने सोलतात, कान काय करणार?"

"आणि नीरजशिवाय राहाल?"

त्यांनी एकाच लुगड्याची तिसऱ्यांदा घडी केली. "राहीन की. गावाला काय माणसं नाहीत?" म्हणाल्या, आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी तिथे रडले असते तर त्यांनी मलाच समजावलं असतं. तेवढा निर्लज्जपणा माझ्याच्याने झाला नाही. मी उठून चहा टाकला.

बुधवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात कार्यक्रम होता. आमचे सेक्रेटरी गुणवंतभाई उत्साही माणूस, त्यांनी ग्रुपवर टाकलं होतं, "मिनलबेन बच्चों की सेफ्टी सिखाएंगी, सब पेरेंट्स आना." सुचेता मॅडमनी रबरी बाहुली पाठवली होती. पंधरावीस बायका, तीन-चार पुरुष. अमोल अर्धी सुट्टी काढून आला होता आणि दाराशी अभिमानाने उभा होता. सासूबाई मागच्या खुर्चीत, मांडीवर नीरज.

मी भाजण्याबद्दल सांगितलं, सेलबद्दल सांगितलं, १०८ नंबर सांगितला. मग बाहुली हातात घेतली.

"समजा घशात काही अडकलं," मी म्हणाले आणि थांबले.

सगळे बघत होते. हंसाबेन मोबाईलवर व्हिडिओ काढत होत्या.

"हे मी केलं नाही," मी म्हणाले. "नीरजला फणस मी दिला. आईंनी नको म्हटलं होतं, तरी दिला. आणि तो गुदमरला तेव्हा मी त्याचे हात वर धरून 'वर बघ' करत बसले. दोन वर्ग करून आलेली मी. त्याला वाचवलं ते माझ्या सासूबाईंनी. मी तीन दिवस गप्प बसले, कारण मला भीती वाटली, की तुम्ही सगळे म्हणाल, ही कसली आई."

"अगो, गप," मागून सासूबाई म्हणाल्या. "बस कर."

हंसाबेननी मोबाईल खाली घेतला. पहिल्या रांगेतली एक बाई, मी तिला ओळखतही नव्हते, हळूच म्हणाली, "माझ्याकडून पण झालं होतं एकदा. शेंगदाणा." आणि तिने स्वतःच्या पोरीला जवळ ओढलं.

अमोल दारातून आत आला. माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचा राग मी ओळखते. पण हा माझ्यावरचा नव्हता. तो आईसमोर जाऊन उभा राहिला.

"आई, तू सांगितलं का नाहीस मला?"

"तू विचारलंस कुठे?" सासूबाई म्हणाल्या.

एवढा मोठा सुपरवायझर, पन्नास हमालांना आवाज देणारा, खाली मान घालून उभा राहिला. मग गुडघ्यावर बसला आणि आईच्या पायाला हात लावायला वाकला, तर त्यांनी त्याचा हात धरला.

"ते राहू दे. उद्याचं तिकीट रद्द कर. आणि घरात आता तुला एकट्यालाच येत नाही, तेव्हा इकडे ये. मिनल, ती बाहुली दे त्याच्याकडे."

त्यांनी नीरजला माझ्या कडेवर दिलं. अमोलने बाहुली हातावर पालथी घेतली. सासूबाईंनी तिचं डोकं खाली केलं, त्याची बोटं हनुवटीवर नीट बसवली. त्याने थाप मारली, अगदी हलकी.

"झोपवतोयस काय तिला? जोरात मार."

"आई, एवढं लहान पोर, लागेल ना."

"लागू दे," सासूबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा तो खणखणीत आवाज भरून आला होता. "माझा हात उठत नव्हता रे त्या दिवशी, उचलून मारला मी. लागलं तर रडेल. रडू दे. रडला म्हणजे आहे."

अमोलने डोळे पुसले, बाहुली पुन्हा नीट धरली आणि मारायला सुरुवात केली. मी नीरजला घट्ट धरून मोठ्याने मोजू लागले, आणि मागच्या बायकाही माझ्याबरोबर मोजू लागल्या.