वेल्माचं शनिवारचं धुणं

जानेवारीच्या वादळाने वेल्मा थॉमचं घर नेलं. एकच भिंत उरली, स्वयंपाकघराची, तीही समुद्राकडे झुकलेली. वेल्मा सत्तरी ओलांडलेली, पण लॉबस्टरचे पिंजरे अजून स्वतः ओढते. त्या भिंतीतल्या खिडकीतून तिला आपली होडी दिसते, म्हणून तिला घर तिथेच हवं होतं.

गावचा नियम असा, की जुनी एक भिंत जरी उभी असली तरी ती डागडुजी. घर जागच्या जागी बांधा. भिंत नसली तर ते नवं घर. पाण्यापासून पंचाहत्तर फूट मागे सरा. वेल्माच्या मागे पंचाहत्तर फुटांवर दलदल आहे. तिथे बेडूकसुद्धा विचार करून उतरतो.

पाहणी शनिवारी होती. आदल्या दिवशी वारा फिरला आणि भिंत कुरकुरू लागली. मी आणि माझा मेहुणा ओरिन होडीचा जाड दोर घेऊन गेलो. एक टोक खिडकीच्या चौकटीला, दुसरं मागच्या झाडाला, असा ताणून बांधला.

"आंधळ्यालाही दिसेल हे," ओरिन म्हणाला.

"झाकायची सोय आहे माझ्याकडे," वेल्मा म्हणाली.

सकाळी पाहतो तर दोरभर तिचे आतले कपडे. लोकरीचे, लाल, गुडघ्यापर्यंतचे, आणि पाणी निथळणारे.

तपासनीस थर्लो आला. आमच्याच गावचा, कोळ्याचा पोरगा. ते पाहून त्याचे कान तापले.

"मावशी, हे काढा. मला भिंत बघायचीय."

"तूच काढ, बाबा. माझी बोटं आखडलीत. आणि लाजतोस कसला? तुझे लंगोट वाळत घातलेत मी!"

थर्लोने हात लावला नाही. लांबूनच एक फेरी मारली आणि थबकला.

"मावशी, आज शनिवार आहे."

आमचे चेहरे उतरले. मेन राज्याच्या या किनाऱ्यावर धुणं सोमवारी. शनिवारी दोरीवर कपडा दिसला तर शेजारीण विचारायला येते, घरात कोण गेलं म्हणून. आम्हा तिघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

"समुद्र काय वार बघून आला होता?" वेल्मा म्हणाली.

"आणि धुण्याला होडीचा दोर?"

"कपड्यांचं माप बघितलंस ना?"

थर्लो झाडापाशी गेला. गाठ पाहिली.

"कोणी मारली ही?"

"मी," ओरिन पुटपुटला.

"तुझ्या बापाने पाहिली असती तर होडीत घेतलं नसतं तुला."

मग त्याने घाईघाईने कागदावर लिहिलं, 'एक भिंत उभी आहे.' सही केली, कागद वेल्माच्या हातात दिला आणि गाडीकडे निघाला.

त्याने दार उघडलं, तेवढ्यात मागे कर्रर्र झालं आणि धडाम.

थर्लोने मान वळवली नाही.

"मावशी, तुमची एखादी चड्डी पडली वाटतं."

"ओल्या आहेत रे," वेल्मा म्हणाली. "जड होतात."

गाडी वळणाआड जाईपर्यंत आम्ही कोणी हसलो नाही.