तळाला पट्टी नसलेलं पाणी

शिक्रापूरच्या चौकात फ्लेक्स लागला तेव्हा राजनंदिनीनं धरणाच्या पाण्यात एकदाही पाय बुडवलेला नव्हता. फ्लेक्सवर मात्र ती निळ्याशार पाण्यातून झेप घेत होती. शेजारी हात जोडलेले तिचे वडील बापूसाहेब, आणि वर ठळक अक्षरांत, ‘धरण जलतरण स्पर्धा : आपली कन्या, आपला अभिमान’. न्हावऱ्याहून आलेल्या एसटीतून उतरताना स्वप्नालीनं तो वाचला. ट्रकच्या गर्दीतून रस्ता ओलांडेपर्यंत तिची कानशिलं तापली होती.

स्वप्नाली बापूसाहेबांच्या संस्थेच्या तलावावर पोहायला शिकवायची. तिचे आजोबा मेंढरं घेऊन मुलुख फिरायचे. वडील म्हस्कूआप्पा न्हावऱ्यात स्थिरावले, ऊस-कांदा करू लागले. पोरगी घोड धरणाच्या फुगवट्यात पोहायला शिकली, मग जिल्ह्याच्या स्पर्धांत उतरली, मग प्रशिक्षकाची परीक्षा पास झाली. राजनंदिनी तिच्याकडे आली तेव्हा दोन्ही हात पाण्यावर आपटायची. तलाव ओलांडेपर्यंत तोंड लालबुंद.

स्वप्नालीनं तिला सगळं मोडून परत शिकवलं होतं. हात आपटायचा नाही, सुरीसारखा आत घालायचा. कोपर वर ठेवून पाणी मागं ढकलायचं, खाली दाबायचं नाही. पाय गुडघ्यातून नाही, मांडीच्या मुळापासून हलवायचे, तेही हळू. अंग लाकडाच्या ओंडक्यासारखं एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळवायचं. श्वासाला डोकं उचलायचं नाही. वळलेल्या अंगाबरोबर तोंड वळतं, एक डोळा पाण्यातच राहतो. आणि पाण्याखाली श्वास कोंडायचा नाही, सोडत राहायचा. पोरगी हट्टी होती, पण ऐकायची. वर्षभरात ती अशी पोहू लागली की काठावर बसलेल्या आया बोलायच्या थांबायच्या.

पण ते तलावातलं पोहणं होतं.

स्वप्नाली तशीच तलावाशेजारच्या संस्थेच्या ऑफिसात शिरली. बापूसाहेब चहा घेत होते. राजनंदिनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ओली वेणी पिळत होती.

“बापूसाहेब, नंदिनीचं नाव दिलं तुम्ही धरणाच्या स्पर्धेत?”

“दिलं की. आपणच भरवतोय. आपल्या घरचं कुणी नको?”

“ती अजून तयार नाही.”

“पोरांना मागं टाकते ती. मी बघतो ना काचेतून.”

“तलावात टाकते. तलावात थोडं पोहलं की भिंत येते. भिंतीला पाय देऊन ढकललं की दम परत मिळतो. खाली काळी पट्टी असते, तिच्यावर नजर ठेवली की सरळ जाता येतं. धरणात खाली बघितलं तर आपलाच हात दिसत नाही. वारा सुटला की लाट एकाच बाजूनं तोंडात येते. दर थोड्या हातांनी समोर बघावं लागतं, आणि बघताना डोकं उचललं की पाय बुडतात. नुसते डोळे वर काढून बघायचं, ते वेगळं शिकावं लागतं. मला थोडे दिवस तिला सकाळी धरणावर न्यायचंय.”

बापूसाहेबांनी कप खाली ठेवला. “आमच्या घरातली पोरगी पोहायच्या कपड्यात धरणावर? तिथं मासेमार असतात, जनावरं धुणारे असतात. लोक काय म्हणतील?”

“आणि स्पर्धेला?”

“तिथं मंडप असतो, पाहुणे असतात. तो कार्यक्रम असतो.” ते हसले. “पाणी ते पाणीच गं, स्वप्नाली. तू उगीच घाबरवू नको पोरीला.”

स्वप्नालीनं पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात सांगितलं. बापूसाहेबांनी फोन कानाला लावला आणि दुसऱ्या कुणाशी तरी मंडपाविषयी बोलू लागले. ती बाहेर आली. त्या दिवशी तिनं लहान मुलांच्या बॅचवर विनाकारण आवाज चढवला आणि त्याचाही तिला राग आला.

स्पर्धेच्या सकाळी धरणाच्या काठावर माणसं मावत नव्हती. मंडप, हलगी, खुर्च्या, माइक. या काठावरून निघून मधोमध तरंगणाऱ्या लाल फुग्याला वळसा घालायचा आणि परत यायचं, असं अंतर होतं. स्वप्नालीनं स्वतःहून बचावाच्या होडीत जागा मागून घेतली. होडी हौसरावांची. ते जन्मभर त्याच पाण्यात जाळं टाकत आलेले, फार न बोलणारे गृहस्थ.

“वारं सुटंल,” एवढंच ते म्हणाले.

शिट्टी झाली. राजनंदिनी तलावात सुटते तशी सुटली, पहिल्या हातापासून पूर्ण जोर लावून. मंडपातून टाळ्या आल्या. बापूसाहेब माइकवरून तिचं नाव घेत राहिले. थोडा वेळ ती खरोखरच सगळ्यांच्या पुढं होती.

मग ती डावीकडे जाऊ लागली. तिचा उजवा हात जरा जास्त ओढायचा. तलावात पट्टी ती चूक झाकायची. इथं झाकायला काही नव्हतं. बाकीचे फुग्याकडे निघाले आणि ती एकटीच मोकळ्या पाण्याकडे. कधीतरी तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिनं मान पूर्ण वर काढून पाहिलं. कंबर खाली गेली. तेवढ्यात वाऱ्याची लाट तोंडात गेली. ती खोकली, पुन्हा दोन हात मारले, पुन्हा मान वर काढली. आता ते हात पाण्यावर आपटत होते, वर्षापूर्वीसारखे.

“हौसरावमामा, तिकडं घ्या,” स्वप्नाली म्हणाली, आणि होडी पुरती वळायच्या आत बचावाचा नारिंगी तरंगा घेऊन तिनं उडी टाकली.

राजनंदिनीचे डोळे चष्म्याआड विस्फारलेले होते. ती पाण्यावर चढायला बघत होती, जणू शिडी असावी. स्वप्नाली मुद्दाम हातभर लांब थांबली आणि तरंगा तिच्याकडे सरकवला.

“धर. मला नको, याला धर. आता पाठीवर हो. कान पाण्यात जाऊ दे. श्वास सोड. घेऊ नको, आधी सोड.”

“ताई, खाली काहीच दिसत नाही.”

“दिसायचंच नाही. आभाळाकडं बघ. सोड श्वास.”

तिनं सोडला. पाठीवर आली. हळूहळू छातीचं धपापणं कमी झालं. हौसरावांनी होडी जवळ आणली आणि दोघांनी मिळून तिला वर घेतलं. काठाकडे जाताना ती स्वप्नालीचं मनगट सोडत नव्हती.

काठावर मोबाइल उंचावलेले होते. बापूसाहेब गर्दी बाजूला करत आले. पोरगी धडधाकट आहे हे पाहिल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी पाठीमागे पाहुणे उभे आहेत याची त्यांना आठवण झाली.

“झेपत नव्हतं तर उतरलीस कशाला?” ते मोठ्यानं म्हणाले. “तयार आहे म्हणून कुणी सांगितलं तुला?”

राजनंदिनीनं टॉवेल घट्ट ओढला. वडिलांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“ताई म्हणाल्या जमेल.”

स्वप्नालीच्या केसांतून पाणी गळत होतं. आपण नीट ऐकलं का, असं तिला वाटलं.

“परत सांग,” ती म्हणाली. “माझ्याकडं बघून सांग, नंदिनी.”

राजनंदिनीनं मान वर केली नाही. बापूसाहेब पाहुण्यांकडे वळून म्हणाले, “बघा, हल्ली हे असं आहे. प्रमाणपत्र असलं म्हणजे जबाबदारी येतेच असं नाही.” आणि स्वप्नालीकडे न बघता, “उद्यापासून तू तलावावर येऊ नको.”

हौसराव तेवढे होडीतून म्हणाले, “ह्या पोरीनंच काढली तिला,” पण हलगी पुन्हा सुरू झाली होती.

पुढचे दिवस स्वप्नालीच्या घरात कुणाला सुखाचे गेले नाहीत. भांडी आदळली, दारं आदळली. आई, सखूबाई, काही विचारायला गेली की “काही नाही” एवढंच उत्तर. ‘मुलीचा जीव धोक्यात घालणारी प्रशिक्षक’ असा व्हिडिओ गावातल्या ग्रुपवर फिरत होता. एका संध्याकाळी ती धरणावर गेली आणि कपड्यांची पिशवी काठावर फेकून पाण्यात शिरली. बापूसाहेबांचं प्रत्येक वाक्य आठवत, दात आवळून, हात मारत गेली. नेहमी ती समोरच्या बाभळींपर्यंत दम न लागता जायची. त्या दिवशी निम्म्यातच खांदे भरून आले, पोटऱ्यांत गोळे आले. तिला पाठीवर पडून राहावं लागलं. राग पाण्यात उतरला की हात आपटतात, हे ती पोरांना रोज सांगायची. ठाऊक असून उपयोग झाला नाही. ती परत आली तेव्हा दमलेली होती आणि राग होता तेवढाच होता.

म्हस्कूआप्पा गोठ्यात धार काढत होते. “राग आला तर येऊ दे,” ते मान न वळवता म्हणाले. “तुझं काय चुकलं न्हाई. पर घरातल्या भांड्यांचं बी काय चुकलं न्हाई.”

ती हसली नाही. पण भांडी आदळायची थांबली.

त्यानंतर एका दुपारी राजनंदिनी स्कूटीवरून न्हावऱ्याला आली. सखूबाईंनी तिला पाणी दिलं. स्वप्नाली कांद्याच्या चाळीशी उभी होती, तिथं ती गेली.

“ताई, माफ करा.”

“कशाबद्दल?”

“मी खोटं बोलले.”

“हे मला ठाऊक आहे. मला काय सांगतेस? ज्यांच्यापुढं बोललीस त्यांना सांग.”

“पप्पा घरात बोलूही देत नाहीत. तुम्हाला नाही कळायचं.”

“मला नाही कळायचं?” स्वप्नालीचा आवाज चढला. “माझं काम गेलं. लोक मला पोरी बुडवणारी म्हणतात. ज्या हातानं तुला पाण्यातून काढलं, त्याच हाताला तू चावलीस. आणि मला कळायचं नाही?”

राजनंदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती मागं सरली नाही. तिचाही आवाज फुटला.

“त्या दिवशी ऑफिसात मी तिथंच बसले होते ना? तुम्ही पप्पांना सांगितलं, पप्पांनी तुम्हाला सांगितलं. मला एकानं तरी विचारलं? मला धरणाची भीती वाटत होती. तलावावर रोज भेटत होतो आपण, तुम्हीही विचारलं नाही. तुमचं भांडण त्यांच्याशी होतं, मी नुसती मधे होते.”

चाळीत कांद्याचा उग्र वास भरून राहिला होता. स्वप्नालीला या पोरीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि ती खरं बोलतेय हेही कळत होतं. या दोन गोष्टी एकदम वाटणं तिला सहन होईना.

“ठीक आहे,” ती शेवटी म्हणाली. “मी विचारायला हवं होतं. आता विचारते. तुला धरणात पोहायचंय?”

राजनंदिनीनं डोळे पुसले. “हो. भीती वाटते, पण पोहायचंय.”

“मग आधी लोकांपुढं जाऊन खरं बोल. ते झाल्याशिवाय माझ्यासमोर येऊ नको.”

राजनंदिनी गेली. दोन-तीन दिवसांनी तलावावर संध्याकाळची बॅच सुटताना, आयाबाया मुलांची अंगं पुसत असताना, तिनं सगळ्यांपुढं सांगितलं की ताईंनी नको म्हटलं होतं, वडिलांनी ऐकलं नाही, आणि काठावर आपण खोटं बोललो. कुणीतरी तेही मोबाइलवर घेतलं. तो व्हिडिओ मात्र फारसा फिरला नाही.

बापूसाहेबांचा फोन आला. “झालं गेलं सोडून दे. सोमवारपासून ये.”

“तुम्ही पाहुण्यांपुढं बोलला होता, बापूसाहेब. तसंच लोकांपुढं सांगा, की माझी चूक नव्हती.”

“हे बघ, मी तुला परत बोलावतोय, एवढं पुरे नाही?”

“नाही.”

फोन बंद झाला. त्यांनी पुन्हा केला नाही, तिनंही नाही. नंतर दौंडला एका शाळेच्या तलावावर तिला काम मिळालं. रोज एसटीनं जायचं, उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडायचं, संध्याकाळी अंग मोडून परत यायचं. प्रत्येक फेरीला तिला शिक्रापूरचं ते ऑफिस आठवायचं आणि तोंड कडू व्हायचं.

रविवारी सकाळी मात्र ती धरणावर असायची. राजनंदिनी येऊ लागली. घरी काय सांगून येते हे स्वप्नालीनं पहिल्याच दिवशी विचारलं.

“खरं सांगून येते. पप्पा बोलत नाहीत माझ्याशी. आई म्हणते जा.”

मग गावातल्या आणखी तीन-चार पोरी आल्या. हौसराव होडी घेऊन आडोशाला थांबायचे. स्वप्नाली कठोर शिकवायची, तलावावर होती त्याहून कठोर.

“फुगा बघू नको, फुग्यामागचं ते उंच झाड बघ. फुगा लाटेत लपतो. डोळे तेवढे वर, नाक पाण्यातच. बघितलंस? आता बाजूला वळ, मग श्वास. एकदम दोन्ही नको. उजवा हात कमी ओढ. वारा या अंगानं आहे ना, मग त्या अंगानं श्वास घे. दोन्ही बाजूंनी घेता आला पाहिजे. आणि सुरुवात हळू. इथं कुणी टाळ्या वाजवायला बसलेलं नाही.”

शेवटचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं, पण बोलून गेली. राजनंदिनीनं ओठ आवळले आणि पुन्हा पाण्यात तोंड घातलं.

थंडी सरता सरता एका रविवारी राजनंदिनी समोरच्या काठापर्यंत न थांबता गेली. मधे एकदा दम लागला तेव्हा पाठीवर झाली, श्वास सोडला, झाड शोधलं आणि पुन्हा निघाली. स्वप्नाली तिच्या शेजारून पोहत होती, एक शब्द न बोलता. गाळात पाय टेकल्यावर राजनंदिनी धापा टाकत हसली आणि तिच्याकडे बघत राहिली. कौतुकाची वाट बघत होती.

“डावीकडं कमी गेलीस आज,” स्वप्नाली म्हणाली.

पाण्याबाहेर ती अजून तिच्याशी याहून जास्त बोलत नव्हती. राग पुरता गेला नव्हता, आणि तो गेला पाहिजे असंही तिला वाटत नव्हतं. तिनं चष्मा कपाळावरून खाली ओढला.

“वारा वाढायच्या आत परत जाऊ. या वेळी पुढं तू.”