डावी बाही स्वच्छ कशी?

शनिवारी संध्याकाळी रग्बी क्लबचं पोतं दुकानात येऊन धपकन पडलं, की टेलरबाईंना सामना न बघताच सगळा सामना कळायचा. पोत्यात दहा वर्षांखालच्या पोरांच्या चोवीस जर्सी असत. कॉलर फाटली असेल तर कुणीतरी मानेला धरून ओढलंय. बगल उसवली असेल तर पोर हातातून निसटलंय. पोटावर चिखलाचा आडवा पट्टा असेल तर गडी चेंडू घेऊन रेषेपलीकडे घसरलाय, म्हणजे आज त्या घरात दुसऱ्या कुणाला बोलायची सोय नाही. बाईंची शाळा नववीत सुटली होती, पण कापड वाचायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

क्लबचा एक जुना नियम होता. पाठीवरचा आकडा पक्का शिवायचा नाही. शुक्रवारी निवडलेल्या दहा जणांची यादी यायची, त्या दहांच्या पाठीवर बाई पांढऱ्या कापडाचे आकडे टाचायच्या. सामना झाला की टाके उसवायचे. आकडा दर आठवड्याला नव्याने कमवायचा. उरलेल्या चौदा जणांनी कोऱ्या पाठीने बाकावर बसायचं. हा नियम कुणी घातला ते कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे तो मोडायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

यादी करायचा बाईंचा धाकटा भाऊ. पोरं त्याला सर म्हणत. मुंगीचा तो मामा, पण मैदानावर 'मामा' तोंडातून निघालं की दहा उठाबशा.

मुंगी म्हणजे बाईंची मुलगी. वय वर्षं नऊ, अंगावर मांस औषधाला नाही. पण दुप्पट वजनाचं पोर चेंडू घेऊन धावत आलं, की ही खाली वाकून खांदा लावणार, कमरेला मिठी घालणार आणि त्याला आडवं करणार. याला टॅकल म्हणतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा बाईंनी दोन्ही डोळे मिटून घेतले. दुसऱ्यांदा एक उघडा ठेवला. तिसऱ्यांदा शेजारच्या अनोळखी बाईला कोपराने ढोसून म्हणाल्या, "आमची आहे हो ती."

सात नंबर कायम मुंगीचा. बाकीचे नऊ आकडे बाई साध्या धावदोऱ्याने टाचत, सात मात्र दुहेरी दोऱ्याने, उलट्या टिपेने. उसवताना नाकी नऊ येत. पण आईची हौस, तिला कात्री कोण लावणार?

त्या वर्षी कोपऱ्यावरच्या बेकरीवालीने क्लबला एक अर्ज दिला. खाली अकरा घरांच्या सह्या. म्हणणं असं, की दहा वर्षांखाली निवड नको, सगळ्यांना सारखं खेळवा. आणि टॅकलही नको. कमरेला दोन फिती लावा, फीत ओढली की गडी थांबला.

"फिती!" भाऊ दुकानात येऊन स्टुलावर आदळला. "ताई, हे रग्बी आहे का लपाछपी? उद्या म्हणतील चेंडू टोचतो, उशी द्या."

"तिचा मुलगा गेले आठ शनिवार बूट बांधून बाकावर बसलाय रे," बाई म्हणाल्या.

"मग तयारी करावी. मुंगीला कुणी फुकट आकडा दिला का?"

मुंगी मशीनखाली रिकामी रिळं गोळा करत होती. तिथूनच ओरडली, "फीत बांधायला मी काय वाढदिवसाचं पाकीट आहे?"

भाऊ खो खो हसला. बाईही हसल्या. खरं सांगायचं तर अर्जावर सही मागायला बेकरीवाली आली तेव्हा बाईंनी 'बघते' म्हणून टाळलं होतं. सात नंबर गेला तर त्या कोपराने ढोसून कुणाला काय सांगणार होत्या?

बुधवारी सभा ठरली. त्याआधीच्या शनिवारी पोतं आलं. बाईंनी नेहमीसारखी एकेक जर्सी टेबलावर पसरली आणि सात नंबर हातात घेतल्यावर त्यांचा हात थांबला.

उजवी बाजू खांद्यापासून कमरेपर्यंत चिखलाने लिंपलेली. डावी बाही मात्र स्वच्छ. अगदी शाळेत घालून जावी अशी.

ज्या खांद्याने टॅकल करावं त्या बाजूला पोर पडतं. मुंगी दोन्हीकडून सारखीच घुसायची, तिच्या जर्सीला डावं-उजवं कधी नव्हतंच. बाईंना आठवलं, गेल्या आठवड्यातही डावी बाही लवकर धुऊन निघाली होती. तेव्हा त्या खूश झाल्या होत्या, साबण वाचला म्हणून.

रात्री वेणी घालताना त्यांनी सहज मुंगीचा डावा हात वर उचलला. मुंगीच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण पायाची बोटं आखडली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मुंगे, मी तुझी आई आहे. तुझी बाही मला सगळं सांगते."

मुंगीने हात खाली ओढून घेतला. मग हळूच म्हणाली, "तीन आठवडे. मामाला सांगू नकोस ना. शुक्रवारी यादी लागते. एकदा आकडा गेला की परत मिळत नाही."

"कोण म्हणतं?"

"सगळे. आणि तू माझा सात किती जोरात शिवतेस. तो गेला तर तुला काय वाटेल?"

बाईंना वाटलं, कुणीतरी सुई थेट नखाखाली घातली. वेणी त्यांनी तीनदा सोडली आणि तीनदा घातली. सोमवारी दवाखान्यात नेईन, हे निक्षून सांगितलं. मामाला मी सांगणार नाही, हेही कबूल केलं. डॉक्टरांनी हात वरखाली करून पाहिला. हाड शाबूत, स्नायू दुखावलेला. तीन आठवडे विश्रांती. "अजून महिनाभर लपवलं असतंस तर मग मी तुला वर्षभर घरी बसवलं असतं," ते मुंगीला म्हणाले. बाईंकडे बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

बुधवारी क्लबच्या खोलीत खुर्च्या कमी आणि मतं जास्त होती. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "टॅकल बंद झालं तर माझा धंदा बसेल, त्यामुळे माझं मत धरू नका."

भाऊ बोलला. पाडायला आणि पडायला लहानपणीच शिकलं पाहिजे, उशिरा शिकलेला जास्त लागून घेतो, असं त्याचं म्हणणं. चुकीचं नव्हतं ते. बेकरीवाली बोलली. बाकावर बसून कुणी काय शिकतं, ते सांगा, असं तिचं म्हणणं. तेही चुकीचं नव्हतं. मग सगळे एकदम बोलायला लागले.

टेलरबाई उठल्या. आयुष्यात त्या सभेत बोलल्या नव्हत्या. म्हणून आधी बोलल्याच नाहीत, नुसतं पोतं टेबलावर उपडं केलं.

"ताई, हे काय दुकान मांडलंस?" भाऊ चपापला.

"बघ. या चौदा." बाईंनी गठ्ठा पुढे सरकवला. "डाग नाही, उसवण नाही, पाठीवर सुईचं एक भोक नाही. दुकानातून आणल्यासारख्या. आणि या दहा. कॉलर तीन-तीनदा जोडलीय, पाठीवर टाचून टाचून चाळणी झालीय. सगळी शिकतात म्हणतोस ना? मग एकाच मैदानावरची पोरं अशी कशी दिसतात?"

"आणि ही वेगळी कसली?" दातांच्या डॉक्टरांनी बाईंच्या हातातल्या जर्सीकडे बोट दाखवलं.

बाईंनी न धुतलेला सात नंबर छातीशी धरला होता. मुंगीला शब्द दिला होता. कबूल केलं म्हणजे कबूल केलं. "ही दहातलीच. ही राहू दे," त्या म्हणाल्या.

मागच्या भिंतीपाशी खुर्ची सरकली.

"ती माझी आहे," मुंगी उभी राहून म्हणाली. मान ताठ होती. "तिची डावी बाही स्वच्छ आहे, कारण माझा डावा खांदा दुखतो. तीन आठवडे दुखतोय. मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर आकडा गेला असता. अजून दोघांचं पण दुखतंय. नावं मी सांगणार नाही." थोडं थांबून तिने भर घातली, "मला टॅकल आवडतं. पण लपवायला नाही आवडत, मामा."

मैदानाचा नियम कुणालाच आठवला नाही. उठाबशा काढायला कुणी सांगितलं नाही.

भाऊ उठून तिच्यापाशी गेला. त्याचा उजवा गुडघा जिना उतरताना अजूनही वाजायचा. चौदाव्या वर्षी यादी लागण्याच्या आदल्या दिवशी तो सुजला होता, आणि घरात हे फक्त त्याच्या ताईला माहीत होतं. तेव्हाही तिने कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं होतं आणि शब्द पाळला होता. तो मुंगीपुढे खाली बसला, तेव्हा गुडघा वाजलाच.

"सर म्हण, मूर्ख," तो म्हणाला. डोळे मात्र त्याचे भलतीकडेच होते. मग ताईकडे वळून म्हणाला, "आकडे किती लागतील?"

"चोवीस."

"शीव."

सगळंच काही गोड झालं नाही. दोन घरं रागावून दुसऱ्या क्लबला गेली. फितींवर भाऊ महिनाभर कुरकुरला, आणि बारा वर्षांवरच्यांची निवड त्याने सोडली नाही ती नाहीच. पण दहाखाली सामन्यात फिती आल्या. टॅकल उरलं ते सरावाला, मऊ गादीवर, गुडघ्यांवर बसून. गुडघ्यांवरचं टॅकल शिकवायला भावाने मदतनीस नेमला. मदतनीसाचा डावा हात झोळीत होता आणि तोंड दिवसभर चालू होतं. "डोकं बाजूला! बाजूला म्हणजे तिकडे नाही, हीही बाजूच असते!"

सभेनंतरच्या शुक्रवारी बाईंनी चोवीस आकडे शिवले. सगळे दुहेरी दोऱ्याने, उलट्या टिपेने. बोटं दुखून आली.

"माझा सात सगळ्यात पक्का ना?" मुंगीने एका हाताने सुई ओवायचा प्रयत्न करत विचारलं.

"सगळे सारखेच पक्के."

"श्या," मुंगी म्हणाली, आणि पुढची सुई घेतली.

शनिवारी संध्याकाळी पोतं आलं ते दोघांनी उचलून आणलं, इतकं जड. बाईंनी एकेक जर्सी पसरली. बेकरीवालीच्या मुलाची जर्सी ओळखू येईना, पुढून चिखल, मागून चिखल, कॉलरमध्ये गवत. बाई एकट्याच हसल्या. तळाशी सात नंबर होता. दोन्ही बाह्या स्वच्छ. फक्त कॉलर चावून चावून ओली झालेली. पोरगी अख्खा सामना रेषेबाहेर उभी राहून दुसऱ्यांसाठी ओरडली होती.

तेवढ्यात अध्यक्षांची बायको पॅंटची उंची कमी करायला आली. बाईंनी तिला कोपराने ढोसलं आणि ती स्वच्छ जर्सी तिच्यापुढे धरली.

"आमची आहे हो ती."