खालच्या बागेची पाटी

मित्रांनो, बस जिथे संपते तिथे उतरून थोडं पुढे आलात, की रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक वर चढतो, एक खाली उतरतो. फाट्यावर लोखंडी खांब आहे आणि त्याला बाणाच्या आकाराची लाकडी पाटी ठोकलेली आहे. ती जुनी पाटी म्हणजे मी. माझा रंग उडाला आहे, एक कोपरा किडीने खाल्ला आहे, पण अक्षरं अजून लागतात: बिअर गार्डन. ज्याला वाचता येत नाही त्याला बाण कळतो.

माझा जन्म पिंपाचा. एका मोठ्या पिंपाचं झाकण तडकलं, तेव्हा पिंपं बांधणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने त्याच्या फळ्या फेकल्या नाहीत. त्याने त्या जोडल्या, रंधा मारला, पुढचं टोक निमुळतं केलं. दमट हवा असली की माझ्या अंगाला अजून आंबूस वास येतो. रंग वाळल्यावर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तुझं काम आता एकच. दाखवायचं. कोण आलं, कशाला आलं, ते तू विचारायचं नाहीस."

त्या वेळी मी खालच्या रस्त्याकडे दाखवत होते. उतार संपला की मोठ्या पानांची झाडं होती, त्यांच्या सावलीत लांब लांब बाकं आणि तसलीच लांब टेबलं. शेजारच्या वीटभट्टीवरचे कामगार तिथे येत, बसचे ड्रायव्हर येत, सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं बायकामुलांसह येत. मोठ्यांपुढे फेसाळलेले मग आणि मुलांपुढे लिंबाचं सरबत. बरं-वाईट मी ठरवत नाही. माणसं दमून येत आणि हसत परत जात, एवढं मी पाहिलं आहे.

बाग एका बाईंची होती; पुढे त्यांना सून आली, म्हणून मी त्यांना सासूबाईच म्हणते. त्यांचा एक नेम होता आणि तो त्यांनी आजारपणातही मोडला नाही. बाग उघडली, की बागेतल्याच झाडाची ताजी डहाळी तोडायची, फाट्यापर्यंत चढून यायचं आणि ती माझ्या मानेशी सुतळीने बांधायची. डहाळी दिसली म्हणजे बाग उघडी. बंद करायच्या वेळी तिथे कोणी घंटा वाजवत नसे, कोणी "चला, उठा आता" म्हणत नसे. घरची बाई फाट्यावर येई, गाठ सोडी, डहाळी हातात घेऊन खाली जाई आणि ती पिंपाजवळच्या फळीवर आडवी ठेवी. ती पाहिली की माणसं आपापले मग रिकामे करत आणि निमूट उठत.

त्यांच्या घरी नवी सून आली, तेव्हा सासूबाई तिला माझ्यापाशी घेऊन आल्या.

"डहाळी बांधली म्हणजे शब्द दिला, सूनबाई. सोडायची तीही आपणच, दुसऱ्या कोणी नाही. आणि ती सोडल्याशिवाय आलेल्या माणसाला जा म्हणायचं नाही."

"आणि सोडायला विसरले तर?" सूनबाईंनी हसत विचारलं.

"तर बसतील बिचारे," सासूबाई म्हणाल्या. "बसतीलच की. जातील कुठे?"

दोघी खूप हसल्या होत्या.

पुढचं सांगताना माझ्या फळ्या आजही आखडतात. भट्टीला माती लागे आणि तिच्यासाठीचं खोदकाम टेकडीच्या पलीकडून सरकत सरकत बागेच्या पोटाखाली आलं होतं. वर बसलेल्यांना काय कळणार? एका संध्याकाळी बाग भरलेली होती. सासूबाई हिशेबात गुंतल्या होत्या, सूनबाईंचा नवरा पिंपाशी मग भरत होता. म्हणून डहाळी सोडायला सूनबाई एकट्याच वर आल्या. त्यांनी गाठीला हात घातला. गाठ अर्धी सुटली होती. तेवढ्यात खालून एक आवाज आला. मोठ्या जनावराने श्वास आत ओढून घ्यावा, तसा. त्यानंतर कसलाच आवाज आला नाही. हसण्याचा नाही, बाकं सरकल्याचा नाही, पाखरांचासुद्धा नाही.

सूनबाई डहाळी तशीच अर्धवट बांधलेली ठेवून धावत सुटल्या.

खाली बाग नव्हती. खड्डा होता आणि त्यात तपकिरी पाणी चढत होतं. घरात तेवढ्या एकट्या सूनबाई उरल्या. शोध घेणारे आले, रडणारे आले, कुंपण घालणारे आले. त्या गदारोळात एका डहाळीची आठवण कोणाला राहणार? ती माझ्या मानेशीच वाळली. एकेक पान गळलं. मग सुतळी कुजली आणि काडी खाली पडली. ती कोणी सोडली नव्हती, मित्रांनो. ती नुसती पडली होती.

माणसाला पोट आहे, ते थांबू देत नाही. सूनबाईंनी काही काळाने वरच्या रस्त्याला, घरामागच्या अंगणात, छोटी बाग सुरू केली. सुताराने मला उचकटलं, फिरवलं आणि वरच्या बाजूला तोंड करून दोन स्क्रूंनी पक्कं बसवलं. सूनबाई रोज नेमाने डहाळी बांधत आणि रोज स्वतः सोडत. खाली मात्र त्या कधी बघत नसत. हळूहळू लोक त्यांना मावशी म्हणू लागले.

ते माझे वैभवाचे दिवस होते. शहराच्या टोकाला अजून कुठे चांगल्या बागा शिल्लक आहेत, हे हुडकत फिरणारी हौशी माणसं असतात. ती सुट्टीला बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत येत, मला पाहून टाळी वाजवत. "ही बघ, डहाळीवाली पाटी! ताजी डहाळी म्हणजे बेलाशक शिरायचं," असं एकमेकांना सांगत. ज्याला ही खूण ठाऊक, तो जाणकार. त्यांना त्याचा अभिमान वाटे, आणि मलाही वाटे.

मग मावशींचे गुडघे गेले. त्यांनी बाग बंद केली, अंगण भाड्याने दिलं आणि फाट्यासमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक खोली घेतली. मला उतरवायचं मात्र राहून गेलं. रंग नाही, तेल नाही. पावसाने स्क्रू गंजले, वरचा गळून पडला. आणि एके दिवशी मी फिरले. लोक म्हणतील वाऱ्याने फिरली असेल. त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं. कोणीतरी खांदा धरून वळवावं, तशी मी सावकाश खालच्या रस्त्याकडे वळले आणि थांबले.

दुसऱ्या दिवशी माझ्या मानेशी काहीतरी गार लागलं. लव्हाळ्याची जुडी होती. हिरवीगार, पाण्याने निथळणारी. ती बांधताना मी कोणाला पाहिलं नाही. गाठ मात्र ओळखीची होती. सासूबाईंची.

त्या रविवारी बसमधून एक जोडपं उतरलं. नवरा बागा हुडकणाऱ्यांपैकी, गळ्यात कॅमेरा, आवाज मोठा. बायको शांत, हातात पाण्याची बाटली आणि पायात न चावणाऱ्या चपला, म्हणजे नवऱ्याच्या हौशीची सवय झालेली.

"बघ! मी म्हणत नव्हतो?" नवरा माझ्यापुढे उभा राहून म्हणाला. "डहाळी ताजी आहे. अजून पाणी टपकतंय."

"डहाळी कुठे, हे तर गवत आहे."

"अगं, झाडं तोडायची बंदी असेल. तुला ना, प्रत्येक गोष्टीत खोट काढायची असते."

"काढली नसती तर मागच्या रविवारी तुम्ही गॅरेजमध्ये बिअर मागितली असती," बायको म्हणाली, आणि दोघं हसत उतार उतरू लागली.

मित्रांनो, मला ओरडायचं होतं. पण पाटीला तोंड नसतं. मी फक्त दाखवत होते, आणि तेच तर चुकत होतं.

संध्याकाळच्या आत ती परत आली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पण नवऱ्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती आणि डोळे जड झाले होते.

"आजवरची सगळ्यात सुंदर बाग," तो म्हणाला. "काय गारवा! काय शांतता!"

"अहो, ते लोक बोलत का नव्हते?"

"सभ्य माणसं आहेत. आपल्यासारखी कचकच करत नाहीत."

"आणि मगवरचा फेस? आपण बसलो तेव्हा जेवढा होता, निघालो तेव्हाही तेवढाच. कोणी एक घोटही घेतला नव्हता. सगळे वर रस्त्याकडे बघत बसले होते." ती थांबली. "मला तिथून एकही माणूस उठून जाताना दिसला नाही."

"मग? जागाच तशी आहे! कोण उठेल?"

"आपण उठलो तेव्हा पिंपाजवळचा माणूस काय म्हणाला, ऐकलंत ना? म्हणाला, 'थांबा की. बंद झाली की सगळेच एकदम निघू.' बसचं कारण सांगून मी तुम्हाला ओढत आणलं म्हणून बरं. त्याच्या बाहीतून पाणी गळत होतं हो."

 नवरा मागे वळून खालचा रस्ता बघत होता. बसमध्ये चढतानाही त्याची मान तिकडेच होती.

पुढच्या रविवारी तो बसमधून उतरला तो जवळजवळ धावतच. ती मागून आली. "मला आधी इथे कोणाला तरी विचारू दे," ती म्हणत होती. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत मावशी फाट्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांच्याकडे तिने बोट केलं.

"तू विचारून ये सावकाश. मी टेबल धरतो," तो म्हणाला आणि खाली निघाला. त्याच्या बुटांचा आवाज उताराच्या मध्यावरच बंद झाला.

गॅलरीखाली उभं राहून तिने हाक मारली. "मावशी, खालची बाग कोणाची हो?"

मावशींनी हातातलं ताट बाजूला ठेवलं. "खाली बाग नाही, बाई. कधीचीच नाही. खाली खड्डा आहे, पाण्याने भरलेला."

"आम्ही मागच्या रविवारी तिथे बसलो होतो. आज माझे मिस्टर पुढे गेलेत. पाटीला ताजी जुडी आहे ना, म्हणून..."

मावशी एकेक पायरी धरत खाली आल्या. रस्ता ओलांडून माझ्यापाशी आल्या आणि चष्मा वर करून ती गाठ पाहिली. 

"ही आमच्या सासूबाईंची गाठ आहे," त्या म्हणाल्या. "मी त्या दिवशी सोडली नाही. अर्धी सोडून पळाले. ती बाग बंदच केली नाही गं कोणी. बसलेत सगळे अजून."

"मग सोडा ना! मावशी, माझा माणूस आत आहे!"

"माझाही आहे," मावशी अगदी हळू बोलल्या.

  गाठ सुटली, की मावशींचा माणूस उठून जाणार, आणि मग तो कुठेच असणार नव्हता. इतकी वर्षं खाली न बघता त्या समोरच राहत होत्या, ते का, हे मला त्या क्षणी कळलं.

मग मावशींनी डोळे मिटले, हात जोडले, ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं आणि गाठीला बोटं लावली. ओली गाठ सुटता सुटेना. बायकोने पुढे होऊन मदत करायला हात नेला, तसं मावशींनी मान हलवली. "नाही. घरच्यानेच सोडायची असते." त्यांनी नखं लावली, दात लावले, आणि जुडी त्यांच्या हातात आली.

"बंद केली हो," त्या खालच्या रस्त्याकडे बघून म्हणाल्या. अतिथींना सांगावं तशा, आर्जवाने. "उशीर झाला, माफ करा. आता या सगळे."

खालून बाकं सरकल्याचा आवाज आला. खूप बाकांचा, एकदम.

मग उतारावरून गार हवा चढू लागली. दिसत कोणी नव्हतं. पण धुळीवर ओल्या पावलांचे ठसे उमटत होते, मोठ्यांचे, मुलांचे, आणि ते फाट्यापर्यंत येऊन वाळत होते. मावशी माझ्या खांबाला धरून उभ्या होत्या. प्रत्येकाला म्हणत होत्या, "सावकाश जा हं. सांभाळून." एक पावलांची जोडी त्यांच्यासमोर थांबली. बराच वेळ. मावशींनी पदराने हवेत काहीतरी टिपलं, एखाद्याचं ओलं कपाळ टिपावं तसं. मग तेही ठसे वाळले.

सगळ्यात शेवटी नवरा वर आला. कमरेपर्यंत ओला, थंडीने दात वाजत होते. "सगळे उठले," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "एकदम उठले. आणि मी बघतो तर मी पाण्यात उभा होतो."  बायकोने त्याचा हात धरला, तो बसमध्ये बसेपर्यंत सोडला नाही.

जाण्याआधी तो माझ्या स्क्रूकडे बघून म्हणाला होता, "मावशी, पुढच्या रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो, ही पाटी उतरवून टाकतो." मनापासून म्हणाला होता. पण त्या फाट्यावर पुन्हा यायला त्याचं मन धजलं नसावं. मी त्याला दोष देत नाही. मावशींनी थोड्याच दिवसांत खोली सोडली. त्या बहिणीकडे गेल्या म्हणतात. त्यांना आता समोर राहायचं कारण उरलं नव्हतं.

मी मात्र इथेच आहे. खालच्या पाण्यात आता कोणी नाही, हे मला ठाऊक आहे. पण पाणी आहे, खोल आहे, आणि कुंपणाची तार गंजून पडली आहे. आणि माझा बाण तिकडेच आहे.

मित्रांनो, एखादं दुकान, एखादी बाग, एखादं घर बंद कराल, तेव्हा दाराला कुलूप लावून निघून जाऊ नका. वळणावर त्याची पाटी असेल, तीही उतरवा. माणसं गेली तरी पाटी बोलावत राहते. आणि तुमच्यापैकी कोणी मोठ्यांबरोबर या फाट्यावर आलंच, तर त्यांना सांगा, एकच स्क्रू उरला आहे, तोही गंजलेला. फार जोर लागणार नाही. मला काढा आणि कुठेही ठेवा, चुलीत घातलीत तरी चालेल.

तोवर कोणी विचारलं, तर मी खालीच दाखवीन. मला दुसरं काही येत नाही.