निळीच्या तीन वाट्या

“रेघ ओलांडलीस तू.”

शालनच्या खांद्यावर बसून निळी तिच्या कानात कुरकुरली. आवाज तेजलचा होता, शेवटचा शब्द ताणून झोंबवणारा. शालननं कोथिंबीर निवडायचं थांबवलं नाही.

“कुणी ओलांडली?”

“पिवळीनं,” निळी म्हणाली, उडत पिंजऱ्यात गेली आणि आतून दार ओढून घेतलं.

निळी आणि पिवळी ही बजी पोपटांची जोडी. दुकानात त्यांना लव्हबर्ड म्हणतात. नाव असं गोड, आणि वागणं वाटणीला बसलेल्या भावांसारखं. निळी तेजलची, पिवळी जुईची. हे शालनच्या दोन्ही मुलींनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. त्या दोघींना एकाच ताटात जेवायचं असायचं आणि एकमेकींचा घास मोजायचाही असायचा. शेवटी शालननं चिमूटभर मीठ घेऊन ताटाच्या मधोमध रेघ ओढायला सुरुवात केली. इकडे तेजल, तिकडे जुई. मोठीला आधी वाढायचं. कुणाचं बोट रेघेपलीकडे गेलं की दुसरी बोंब मारायची, आणि निळी पिंजऱ्यातून मान तिरकी करून ऐकून ठेवायची.

श्रावणात तेजलला ताप आला. सगळे तिला घेऊन दवाखान्यात गेले. सहा दिवसांनी तिघं परत आली. तेव्हापासून घरात ‘तेजलला उशीर होतोय’ असं म्हणायचं ठरलं. ठरवलं कुणीच नाही. पहिल्यांदा शालनचा नवरा सदानंद म्हणाला, जेवायला बसताना, दाराकडे बघून. मग शालन म्हणाली. खालच्या मजल्यावरच्या पाटणेबाई पांढरी साडी नेसून भेटायला आल्या होत्या, त्यांनीही एकवार दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, “अजून आली नाही होय?”

शालन रोज रेघ ओढत राहिली. तेजलची बाजू आधी वाढत राहिली.

निळीनं पिवळीला खाऊ न देणं त्याच सुमाराला सुरू झालं. पिवळी राळ्याच्या दाण्यांच्या वाटीशी आली की निळी अंग फुगवायची, चोच वासायची आणि तिच्या पायाचा चावा घ्यायची. पिवळी पिंजऱ्याच्या तळाशी, कागदावर, पिसं फुलवून बसून राहायची. पक्षी असा फुलून बसला की लोकांना वाटतं गुटगुटीत आहे. शालनलाही तसंच वाटलं होतं.

ती गणपती पेठेतल्या पक्षीवाल्या मुल्लाभाईंकडे गेली. तेजलनं जोडी त्यांच्याकडूनच आणली होती.

“हे राखणीचं भांडण आहे, वहिनी,” मुल्लाभाई म्हणाले. “जितकी तोंडं, त्याहून एक वाटी जास्त ठेवायची. आणि वाट्या अशा लांब ठेवायच्या की एकीवर बसलेल्याला दुसरी दिसता कामा नये. दर रविवारी वजन करा. पक्षी दुखणं लपवतो, वजनाला लपवता येत नाही. किती तोंडं आहेत?”

शालन बोटं मोजायला लागली, तिसऱ्यावरून चौथ्यावर, परत तिसऱ्यावर.

“पिंजऱ्यात विचारतोय मी,” मुल्लाभाई हळूच म्हणाले.

“दोन.”

“मग तीन वाट्या.”

तिनं तीन वाट्या लावल्या, जमतील तितक्या लांब. संध्याकाळपर्यंत पिंजरा हातभर वाढला होता. पक्षी नीट जेवावा म्हणून पिंजऱ्यानं एवढं करावं हे तिला रास्तच वाटलं. चार दिवसांत तो गॅलरीतून हॉलमध्ये आला, आठवड्यात बेडरूमच्या दारापर्यंत गेला. सदानंदला कपाट उघडायला गजांमधून हात घालावा लागायचा. तो फक्त एकदा म्हणाला, “शर्टावर पिसं येतात.”

पण निळी तिन्ही वाट्यांची मालकीण झाली. पिवळी लांबच्या वाटीकडे निघाली की निळी घरभर उडत तिच्या आधी पोचायची. वाटीच्या काठावर बसायची आणि पंख आडवा धरायची. तिन्ही वाट्या काठोकाठ भरलेल्या असायच्या. शालनला त्याचं समाधान वाटायचं, की निदान खायला कमी नाही.

मग पिंजऱ्यासारखं ताटही वाढायला लागलं.

एका दुपारी तिनं रेघ ओढली, तर मिठाची चिमूट पुरली नाही. दुसऱ्या दिवशी मूठभर लागलं. तेजलची बाजू होती तिथेच होती, ओट्याजवळ, दाराकडे तोंड करून. जुईची बाजू मागे मागे सरकत गेली. आधी फ्रिजपर्यंत, मग हॉलमध्ये, मग गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली. शालन मोठीला आधी वाढायची. वरण, भात, लिंबाची फोड, वर तूप. मग पातेलं घेऊन जुईकडे चालायला लागायची. पोचेपर्यंत वरण निवायचं आणि भात पळीभर उरायचा.

“आणखी हवंय का गं?” ती विचारायची.

“काय?” जुई लांबून ओरडायची.

“हवंय का?”

“ऐकू येत नाही, आई.”

शालन हात हलवायची. जुईही हात हलवायची. अकरा वर्षांची पोर, हात बारीक दिसायचा, पण लांबचं सगळं बारीकच दिसतं.

सदानंद तासगाव रस्त्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याची प्रत बघायच्या कामाला होता. तिथला नमुन्याचा छोटा काटा त्यानं रविवारच्या वजनासाठी घरी आणला. पिवळी पहिल्या रविवारी चौतीस ग्रॅम भरली, दुसऱ्या रविवारी एकतीस, तिसऱ्या रविवारी अठ्ठावीस. त्याच रविवारी जुई म्हणाली, “माझंही कर ना बाबा.” ती गुडघे पोटाशी घेऊन काट्यावर बसली. काटा थोडा हलला आणि थांबला.

“अठ्ठावीस,” सदानंद म्हणाला.

“कपड्यांसकट?” शालननं विचारलं.

“कपड्यांसकट.”

तो काट्याकडे बघत राहिला. मग त्यानं काटा पुसला. “बेदाण्याचा काटा आहे,” तो म्हणाला. “माणसांचं नीट दाखवत नसेल.” आणि दाराकडे बघून पुढे म्हणाला, “तेजलला उशीर होतोय आज.”

“होतोय खरा,” शालन म्हणाली.

पुढच्या रविवारी सकाळी मुल्लाभाई स्वतःच आले. बेल वाजल्यावर दारापर्यंत जायला शालनला वेळ लागला. ते चप्पल काढून पिंजऱ्याच्या कडेकडेनं आत आले. पिवळी तळाच्या कागदावर होती. त्यांनी तिला तळहातावर घेतलं आणि बोटानं छातीचं हाड चाचपलं.

“खायला घालत नाही का हो हिला?”

“नाही कशी!” शालनला राग आला. “बघा की, तिन्ही वाट्या भरलेल्या आहेत. रोज बघते मी. कधी कमी झालेलं नाही.”

मुल्लाभाईंनी जवळची वाटी उचलली. निळी त्यांच्या बोटाला कडकडून चावली. त्यांनी चावू दिलं. मग वाटी तोंडाशी धरून एक फुंकर मारली.

राळं उडालं. सगळंच उडालं. नुसती टरफलं होती, दाण्याच्या आकाराची, दाण्याच्या रंगाची, आत काही नसलेली. तळाला वाटीचं पितळ दिसलं.

“पक्षी दाणा सोलतो, टरफल तिथंच टाकतो,” ते म्हणाले. “वरून बघणाऱ्याला वाटी भरलेली दिसते. पुष्कळ जणांच्या हातून होतं. रोज फुंकर मारायची असते, वहिनी, हे सांगायचं राहिलं माझं.” त्यांनी निळीलाही बोटावर घेतलं, तिच्याही छातीला हात लावला. “ही पण उपाशीच आहे. कशाची राखण करतेस गं बये? काही नाहीय त्यात.”

“रेघ ओलांडलीस तू,” निळी म्हणाली.

तो आवाज मुल्लाभाईंनी ओळखला. जोडी न्यायला आलेली मुलगी त्यांच्याशी तासभर भाव करत होती. त्यांनी दोन्ही पक्ष्यांना पिशवीतलं ताजं राळं घातलं. जाताना वाटेत त्यांना ताट लागलं, ओट्यापासून गॅलरीपर्यंतचं, मधे पांढरी रेघ. तेजलच्या बाजूला भाताची रास होती, तुपानं चमकणारी. त्यांनी फुंकर मारायला ओठ पुढे केले आणि परत मिटले.

“हे तुमचं तुम्ही बघा,” ते म्हणाले, आणि चप्पल पायात न घालता हातातच घेऊन जिना उतरले.

दुपारी शालननं मीठ घेतलं. बरणी संपली तेव्हा रेघ पुरी झाली. तिनं मोठीला आधी वाढलं. सदानंद पाट घेऊन दाराकडे तोंड करून बसला. दोघांनीही रास बघितली. फुंकर मारायला फार श्वास लागत नाही. दोघांनीही श्वास धरून ठेवला.

मग जुई निघाली. गॅलरीच्या टोकाकडून, ताटाच्या आतून, अनवाणी. तिच्या पावलांचा आवाज येत नव्हता. अठ्ठावीस ग्रॅमचा आवाज तो किती येणार. फ्रिजजवळ ती दम खायला थांबली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. शालनला वाटलं उठावं, चार पावलं पुढे जावं, उचलून घ्यावं. पण तिचा डावा हात सवयीनं तेजलच्या बाजूवर आडवा आला होता आणि तो तिच्यानं काढवेना.

जुई रेघेपाशी पोचली. मीठ तिच्या घोट्याएवढं होतं.

“रेघ,” निळी म्हणाली. पुढचे शब्द तिनं गिळले.

जुईनं रेघ ओलांडली. आईच्या हाताखालून वाकून ती राशीपाशी गेली, गाल फुगवले आणि फुंकर मारली.

भात उडाला. वरण उडालं, लिंबाची फोड उडाली, तूपही उडालं. टरफलं घरभर झाली, सदानंदच्या केसांवर, शालनच्या पापण्यांवर, पिंजऱ्याच्या गजांत. श्रावणापासूनचं सगळं जेवण हलकं होऊन उघड्या दाराकडे निघालं आणि जिन्यावरून खाली गेलं. ताट कोरडं, लख्ख. त्यात तिघांचीच तोंडं दिसली.

जुईनं आईचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

“ताई मेली, आई,” ती म्हणाली. “मला वाढ.”