कात्रीखाली आलेला मोरपंखी कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. जुना म्हटल्यावर लगेच विटका, भोके पडलेला असा काही डोळ्यांसमोर आणू नका. माझा मोरपंखी रंग आजही उन्हात एका बाजूने निळा दिसतो आणि दुसऱ्या बाजूने हिरवा. माझे दुखणे निराळेच आहे. माझ्या आयुष्यातली अठरा वर्षे मी कोंडून काढली, आणि तीही लाडाने.

ज्या शिंपीमास्तरांनी मला शिवले, त्यांचे दुकान एका जिन्याखाली होते. ते इतके अरुंद होते की गिऱ्हाईक आत आले की मास्तरांना बाहेर यावे लागे. मी एका भूगोलाच्या बाईंसाठी होतो. माप घेताना मास्तर म्हणाले, "बाई, फळ्यावर लिहिताना हात वर जाणार. बगलेत सैल ठेवतो, नाहीतर पहिल्याच दिवशी उसवेल." पुढे नऊ वर्षे बाईंनी माझ्यातून हात उंचावून नद्या आणि डोंगर काढले, पण माझा एक टाका ढिला झाला नाही. मधल्या सुट्टीत मुली माझ्या बाहीला हळूच हात लावून जात. खिशात कायम खडूची भुकटी असे, आणि मला तिचा अभिमान वाटे.

मग बाईंना मुलगी झाली, अंग भरले, माझी बटणे लागेनात. "फार चांगला आहे, कुणाला देववत नाही," असे म्हणून त्यांनी मला जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातले, चार डांबरगोळ्या टाकल्या आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

मला वाटले, दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे. पण वर्षांमागून वर्षे गेली. प्लास्टिक माझ्या कॉलरला चिकटून बसे. गोळ्यांचा वास इतका मुरला की माझा स्वतःचा वास मी विसरलो. वर्षातून एकदा कपाट उघडे, बाई पिशवीवरून हात फिरवत, "छान आहे हो अजून," म्हणत, आणि दार लागे. खालच्या खणात एक रेशमी ओढणी होती. तिची घडी कधी कुणी मोडलीच नाही. ती त्या घडीवरच चिरत गेली. न वापरताही कपडा फाटतो, हे मी अंधारात बसून पाहिले.

बाहेर बाईंची मुलगी वाढत होती. ती एका जागी बसत नसे, म्हणून घरात तिला खारूताई म्हणत. माझ्या कपाटाच्या दाराला बाहेरून आरसा होता. लहानपणी तिथे मात्र ती तासन्‌तास रिबिनी जुळवत बसे, आणि तिचे गुणगुणणे मला आत ऐकू येई.

कॉलेजात गेल्यावर ती एका गटात सामील झाली. एका सदऱ्यामागे किती पाणी लागते, फेकलेल्या कपड्यांचे कसे ढीग साचतात, हे तिला तिथे कळले. वर्षभर नवा कपडा घ्यायचा नाही, अशी त्या सगळ्यांनी शपथ घेतली. शपथ चांगलीच होती. पण खारूताई तिथे थांबली नाही. ती राखी रंगाचे दोन ढगळ सदरे आलटून पालटून घालू लागली. रिबिनी, कानातली, सगळे वाटून टाकले. "नटणं म्हणजे उधळपट्टी," असे ती सगळ्यांना सांगे. तरी रोज सकाळी तिची पावले आरशापाशी क्षणभर थांबत, आणि मग ती झपाट्याने निघून जाई. आरशाच्या अलीकडे ती, पलीकडे मी. तिची पिशवी कुणाला दिसत नव्हती, एवढाच फरक.

एके दिवशी गटाने ठरवले की प्रत्येकाने बाजारात वाटायला कापडी पिशव्या शिवून आणायच्या. कपाट उघडले.

"आई, हा कोट कुणी घालत नाही ना? याच्या पिशव्या होतील."

बाईंनी पिशवीवरून नेहमीसारखा हात फिरवला. मग म्हणाल्या, "घे. मला तरी कुठे होतोय आता."

अठरा वर्षांनी मला वारा लागला, आणि पाठोपाठ कात्री लागली. माझी डावी बाही कोपरावर कापली गेली. खारूताईने त्या तुकड्याचे एक तोंड शिवून त्याला बंद लावला.

बाईंनी ती लांबुळकी पिशवी उचलून पाहिली. "यात मावणार काय? मुळा?"

"आई, चेष्टा नको."

"बरं, दोन मुळे."

तेवढ्यात खारूताईची मावशी जेवायला आली. मावशीने आयुष्यभर एका नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळला होता. पाठीवर खडूच्या रेघा ओढलेला मी टेबलावर पडलो होतो. तिने मला पाहिले आणि चप्पल काढता काढता विचारले, "खारू, स्वयंपाकघराच्या दारामागे किती पिशव्या लटकतायत, मोजून ये बघू."

खारूताई परत आली. "सदतीस."

"आणि असे कोट किती?"

खारूताईने टेबलावरची कात्री बाजूला सरकवली.

"पृथ्वी वाचवायला निघालीस आणि धडधाकट कोट कापत बसलीस होय गं?"

"मग काय घालून मिरवू? मी शपथ घेतलीय, मावशी."

"नवीन न घेण्याची ना? की बावळट दिसण्याचीही घेतलीस?"

खारूताई माझ्या उरलेल्या बाहीवरून बोट फिरवत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मला फार आवडतो गं तो. म्हणून तर आधी त्यालाच कापायला घेतलं."

मावशी हसली नाही. तिने टाचण्या तोंडात धरल्या आणि मला खारूताईच्या अंगावर चढवले. दुसरी बाहीही कोपरापर्यंत केली, कापलेल्या तुकड्यांची पट्टी दोन्ही कडांना लावली, कंबर आतून दाबली. "कपडेपटात एक अंगरखा मी तीन राजांना घातलाय," ती म्हणाली. "राजे बदलले, अंगरखा तोच. आणि हे दाबलेलं कापड आतच ठेवलंय. जाडी झालीस तर उसव."

वास जावा म्हणून दोन दिवस मला सावलीत वाऱ्यावर टांगले. तिसऱ्या दिवशी मी गटाच्या बैठकीला गेलो.

"शपथ मोडलीस?" एका मैत्रिणीने डोळे वटारले. "नवा कोट?"

"नवा कसला, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी थोरला आहे तो," खारूताई म्हणाली, आणि शिवण दाखवायला तिने मला उलटा केला. सगळ्याजणी वाकून पाहू लागल्या.

आता माझ्यावर चहाचा एक डाग आहे आणि एक बटण बदललेले आहे. परवा बाई म्हणाल्या, "रोज घालशील तर विरेल की गं."

"विरू दे, आई. रफू करू."

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादे कपाट असेल. आत कुणीतरी कोंडलेले असेल, फार आवडते म्हणून. त्याला बाहेर काढा. आपल्या मापाचे करून घ्या, अंगावर घाला, मिरवा. तुटलेले बटण त्याच दिवशी लावा. नवे घ्यावेच लागले तर असे घ्या, की जे फाटल्यावर तुम्हाला शिवावेसे वाटेल. आणि नटण्याची लाज बाळगू नका. आम्ही कपडे विरणारच आहोत. निदान उजेडात विरू द्या.