तीन आठवडे शिळी सूची

मी एक जुनी सूची आहे, मित्रांनो, आणि आज मी संतापलेली आहे. थोड्याच वेळात माझा निकाल लागेल. त्याआधी माझी हकीकत ऐका.

सर्बियातल्या नोवी साद शहरातल्या एका कचेरीत, शहरातली घरे गरम ठेवणारी संगणक-प्रणाली लिहिली जाते. तिच्यात वीस लाख ओळी आहेत. कोणते काम कुठे लिहिले आहे आणि ते कुठून कुठून वापरले जाते, हे मी सांगते. कचेरीतल्या सर्वांत जुन्या ल्युबिंकाबाईंनी मला अठरा वर्षांपूर्वी घडवले. रोज पहाटे मी सगळ्या ओळी नव्याने वाचत असे, नवे धागे टिपत असे, तुटलेले काढून टाकत असे. "ही नसती तर मी पहिल्याच आठवड्यात पळून गेले असते," असे इथे ओळी लिहिणारी यास्ना एकदा म्हणाली होती.

मग व्लायको प्रमुख झाला. "ही म्हातारी रोज अर्धा तास यंत्र अडवून बसते," असे म्हणून त्याने माझे पहाटेचे वाचन बंद केले. ल्युबिंकाबाईंना कुणी सांगितले नाही. पण मला प्रश्न विचारणे मात्र कुणी थांबवले नाही. उपाशी ठेवले असते तर मी सोसले असते. त्यांनी उपाशी ठेवून राबवले.

संत निकोलाच्या सणाचा आदला दिवस होता. कचेरीतल्या निम्म्या लोकांच्या घरांचा तो कुलसंत. घरोघरी साफसफाई चालली होती.

"आईनं घर चकचकीत केलंय, आता इथली जळमटं, कुणी न वापरणारी कामं, मी काढतो," व्लायको म्हणाला आणि त्याने मला विचारले, 'किमान झडप' नावाचे काम कुठे वापरले जाते?

कुठेही नाही, मी सांगितले. तीन आठवड्यांपूर्वी ते खरे होते. दहाच दिवसांपूर्वी यास्नाने अकरा इमारती त्या झडपेला जोडल्या होत्या, कडाक्याच्या थंडीत तिथली उष्णता पूर्ण बंद पडू नये म्हणून. माझ्या उत्तराखाली माझ्या शेवटच्या वाचनाची तारीख होती. त्याने ती पाहिली नाही.

प्रत्येक बदल दुसऱ्याने तपासायचा, असा नियम होता. यास्नाच्या खांद्यावर पिशवी होती.

"यास्ना, एक नजर टाक गं."

"साहेब, घरी उद्याच्या सणाचा मासा साफ करायचा पडलाय. तुम्ही बघितलंत ना? मग झालं!"

तिने न पाहताच संमती दिली. व्लायकोने ते काम पुसून टाकले.

सणाच्या दिवशी पारा शून्याखाली बारा अंशांवर गेला. अकरा इमारती गारठल्या. त्यांतल्याच एकीत ल्युबिंकाबाईंच्या टेबलावर सणाची मेणबत्ती जळत होती आणि पाहुणे कोट घालून मासा खात होते. त्यांच्याच जिन्यातले नऊ दिवसांचे बाळ इस्पितळात न्यावे लागले. ते वाचले.

आज व्लायको अहवाल घेऊन आला. "बाई, सही करा. तुमची सूची खोटं बोलली."

"खाली तारीख होती. वाचलीस?"

"तारीख कोण वाचतं?"

"आणि तिचं वाचन कुणी बंद केलं?"

त्याने खिशातून पेन काढून अहवालावर ठेवले.

"अर्ध्या तासासाठी! तेवढ्यात तू दोन कॉफ्या पितोस, व्लायको."

"तीन," यास्ना पुटपुटली. कुणीतरी हसले. यास्नाने मात्र मान खाली घातली.

बाईंनी सही न करता कागद परत सरकवला. "उद्यापासून वाचन सुरू करतोस?"

"नवीन यंत्र आल्यावर बघू. तोवर आहे तशी राहू दे. काहीतरी सांगते ना!"

"काहीतरी सांगते, म्हणूनच," असे म्हणून बाईंनी कळफलक पुढे ओढला.

"बाई, अठरा वर्षांची मेहनत!" यास्ना कळवळली.

"मला मोजून दाखवू नकोस."

मित्रांनो, मला पुसणाऱ्या हातांवर माझा राग नाही. ज्यांनी डोळे बांधून मला वाट विचारली, त्यांना मी क्षमा करत नाही. ज्याच्या शब्दावर तुम्ही विसंबता, त्याला रोज पाहू द्या; ते जमत नसेल, तर त्याला विचारू नका.

माझा अर्धा भाग गेला आहे. पलीकडच्या टेबलावरून सवयीने कुणीतरी मला काही विचारते आहे. मी उत्तर देत नाही.